प्रॉम्प्टर दत्ताराम वारंग आणि व्हाळातले किडे

दत्ताराम वारंग आयुष्यात एकदाही प्रेक्षकांसमोर उभा राहिला नाही, तरी गिरणगावातली कितीतरी नाटकं त्याच्यामुळे शेवटच्या अंकापर्यंत पोचली. तो प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसायचा. मांडीवर नाटकाचं पुस्तक, आणि ज्याचा शब्द अडेल त्याच्या दिशेने तोंड.

त्या काळी गिरण्यांतल्या जवळजवळ प्रत्येक खात्याचं स्वतःचं नाट्यमंडळ असे. पुरुषांची कामं गिरणीतले लोकच करत. बायकांच्या कामांसाठी आमच्यासारख्या बाहेरच्या नट्या बोलवत. मी सोमवारी लालबागेत कुणाची तरी टाकलेली बायको, बुधवारी परळला राजकन्या आणि शनिवारी पुन्हा लालबागेत त्याच माणसाची आई असे. तालमी दोन, फार तर तीन. संवाद पाठ होणं शक्य नव्हतं आणि तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर.

बाकीचे प्रॉम्प्टर कुजबुजत, आणि ती कुजबुज मागच्या रांगेला नटांपेक्षा स्पष्ट ऐकू जाई. दत्ताराम आवाज काढतच नसे. तो साचेखात्यातला, म्हणजे मागावर कापड विणणारा. तिथे यंत्रांचा गदारोळ असा, की माणसं एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलत. दत्ताराम नाटकही तसंच सांगायचा. मी त्याचे ओठ वाचायला शिकले. पुढे पुढे लोकांना वाटू लागलं, की ही बाई दुःखाच्या प्रसंगी उजवीकडे फार सुंदर बघते. एका स्पर्धेत परीक्षकांनी मला त्याबद्दल बक्षीसही दिलं.

त्याला एक गोष्ट मात्र सहन होत नसे: मोकळं स्टेज. एकदा इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या माणसाला ऐन वेळी पाळी बदलून मिळाली नाही आणि तो आलाच नाही. मी खून करून मध्यभागी उभी, आणि मला पकडायला कोणी नाही. दत्तारामने पडदा ओढणाऱ्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि त्याला आत ढकललं. त्याने मला व्यवस्थित अटक केली. अंक तिथे संपत होता, पण पडदा ओढायला आता कोणी उरलं नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ तसेच अटकेत उभे होतो.

"अरे, हे काय केलंस?" मी नंतर विचारलं.

"बाई, लोक खुर्च्यांवर बसलेले. समोर कायच नाय, असं कसं चालेल?"

मग गिरण्यांचा संप झाला आणि तो कधी मिटला नाही. मंडळं बंद पडली. मी माझ्या भाच्याकडे मुलुंडला राहायला आले. तिथल्या सोसायटीत शिरताना वॉचमनने उठून सलाम केला. बघते तर दत्ताराम. खाकी डगला त्याला मोठा होत होता.

"बाई, जिना उजव्या हाताला," तो म्हणाला. खरं म्हणजे नुसते ओठ हलवले. मी बरोबर उजवीकडे वळले.

डोंगराच्या पायथ्याशी जांभूळवाडी म्हणून वस्ती होती, तिथे तो राहत होता. सगळी कोकणातली माणसं, बरीचशी संपात बसलेली. डोंगरातून एक ओढा वाडीला खेटून खाली येई. सोसायट्यांतले लोक त्याला नाला म्हणत. वाडीतले लोक व्हाळ म्हणत, कारण गावी अशा पाण्याला व्हाळच म्हणतात. व्हाळाच्या काठावर वाडीची विहीर होती. पालिकेचा नळ मनात येईल तेव्हा गळे, त्यामुळे प्यायचं पाणी विहिरीचं. विहिरीत झिरपायचं ते व्हाळातूनच.

वाडीच्या जरा वरच्या अंगाला सूत रंगवायचा एक छोटा कारखाना आला. त्यानंतर विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. वाडीतल्या माणसांची पोटं बिघडू लागली. दत्तारामची बायको शेवंती भात शिजवायची तर त्याला कधी निळसर झाक यायची. तिने तो भात नेऊन कारखान्याच्या मॅनेजरसमोर ठेवला. मॅनेजर म्हणाला, तांदूळ बदला.

तक्रार झाली. सरकारी खात्याचे जयकर नावाचे साहेब आले. पाणी अगदी स्वच्छ वाहत होतं. त्यांनी बाटलीत भरून नेलं. बाटलीत दोष सापडला नाही. दुसऱ्यांदा आले तेव्हाही तेच. साहेब येणार हे कारखान्याला आधी कळायचं आणि त्या दिवशी रंगाचं पाणी पिंपांत थांबायचं. साहेब भला माणूस होता, पण बाटलीपलीकडे त्याला जाता येत नव्हतं. त्याने सांगितलं, "विहीर खराब आहे हे मला मान्य आहे. पण कारण सापडलं नाही तर मी एवढंच लिहू शकतो, की वस्तीच्या घाणीमुळे खराब झाली. मग विहीर बुजवतील."

वाडीतल्या बायका ती विहीर सोडून पाणी आणणार कुठून?

याच सुमाराला पद्मजा रेगे आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आल्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. रविवारी साडी खोचून, हातात पिठाची चाळण आणि पांढरी एनॅमलची परात घेऊन त्या व्हाळाकडे निघत. दत्तारामची तेव्हा ड्यूटी सुटलेली असे. बाईमाणूस चाळण घेऊन डोंगराकडे का जाते, हे पाहायला तो मागे गेला आणि परातीपाशीच उकिडवा बसला.

पद्मजाबाई पाण्यातला दगड उचलून परातीत उलटा करत आणि धूत. परातीत वळवळ सुरू होई. तीन शेपट्यांची एक चपटी अळी, दगडाला अशी चिकटलेली जणू तिला कुणीतरी ढकलणार आहे. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळकांडं बांधणारी दुसरी, जी घर घेऊनच फिरते. चतुराची पिल्लं, चेहऱ्याने अगदी सावकारासारखी.

"हे तीन शेपट्यांचे किडे फार नाजूक," पद्मजाबाई म्हणाल्या. "पाणी जरा बिघडलं की आधी हे जातात. मग हे घरवाले. शेवटी उरतात त्या लाल अळ्या. त्यांना घाण चालते."

"म्हणजे किडे आहेत तर पाणी चांगलं?" दत्तारामने विचारलं.

"हे किडे असतील तर."

"आणि बाटली?"

"बाटली म्हणजे पाहुणा हो. आली, चहा प्याली, गेली. तिला काय ठाऊक? हे शेजारी. वर्षभर इथे राहतात. शेजाऱ्याला सगळं ठाऊक असतं."

दत्तारामला हे पटलं. त्याने पुढे सहा रविवार चाळण धरली. शेवंती माझ्याकडे तक्रार घेऊन आली.

"बाये, तुमी तरी सांगा ह्येका. रविवारी माणसा मटण आणूक जातत, ह्यो दगड उलटे करूक जाता. घरात बादलेत अळी दिसली तर माझ्यावर वरडता. आणि भायर तेंकाच शोधीत फिरता."

मी त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, ती तीन शेपट्यांची आहे ना, ती महिनोन्‌महिने दगडाखाली राहते. मग एक दिवस पंख फुटतात. वर येते. तेव्हा तिला तोंडच नसतं. खात नाय, पीत नाय. एक संध्याकाळ उडते आणि खलास."

मला आमची मंडळं आठवली. पावसाळाभर तालमी, आणि प्रयोग एक. मी त्याला तसं म्हटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यालाही तेच आठवलं आहे.

पद्मजाबाईंनीच जयकर साहेबांना गाठलं. साधी गोष्ट होती. कारखान्याच्या वर व्हाळात कोण राहतं आणि कारखान्याच्या खाली कोण राहतं, हे साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. कारखान्याने एक दिवस पाणी थांबवलं म्हणून मेलेले शेजारी परत येत नाहीत. साहेबांना ते पटलं. मार्गशीर्षातला एक दिवस ठरला. खालचे दगड पद्मजाबाईंनी आधीच पाहिले होते. तिथे लाल अळ्यांशिवाय काही नव्हतं. म्हणजे निकाल जवळजवळ लागलाच होता.

वाडीला पाहुणे येणार म्हटल्यावर वाडीने जे करायचं ते केलं. रस्ता झाडला. दगडांना चुना लावला. कुंडलिक मेस्त्री हे वाडीतले वडीलधारे. त्यांनी आपल्या घरातल्या दोन खुर्च्या आणि कुणाच्या तरी लग्नातली सतरंजी व्हाळाच्या काठी मांडली, अगदी कारखान्याच्या खालच्या जागेसमोर. शेवंतीने कांदेपोहे केले, आमच्या सोसायटीच्या नळाचं पाणी आणून. खुर्च्या पाहून मला जरा बरं वाटलं, हे मी कबूल करते. बऱ्याच दिवसांत कुणी माझ्यासमोर खुर्च्या मांडल्या नव्हत्या.

साहेब आले. कारखान्याचे मॅनेजरही आले. आधी सगळे वर गेले. पद्मजाबाईंनी दगड धुतले, परातीत तीन शेपट्यांचे किडे, घरवाले, चतुराची पिल्लं. साहेब खाली वाकून म्हणाले, "वा."

मग खाली आले. खुर्च्यांवर बसले. पद्मजाबाईंनी दगड उचलला, परातीत धुतला. तीन शेपट्यांचे किडे. दुसरा दगड. घरवाले, तेही चांगले धष्टपुष्ट. तिसऱ्या दगडाखाली चतुराचं एक पिल्लू निघालं आणि त्याने सगळ्यांकडे बघितलं.

मग मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, हे असतील तर पाणी चांगलं?"

"हो," पद्मजाबाई म्हणाल्या.

"मग हे आहेत."

"हो. आहेत."

साहेबांनी पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाले आणि गेले. जाताना कुंडलिक मेस्त्रींना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की आता माझ्या हातात काही राहिलं नाही. म्हणजे विहीर बुजणार.

संध्याकाळी पद्मजाबाई माझ्या गॅलरीत येऊन बसल्या. दत्तारामला मी वर बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"दत्ताराम," पद्मजाबाई म्हणाल्या, "ते चपटे किडे स्वच्छ पाण्यातले. मी आधी पाहिलं तेव्हा खाली एकही नव्हता. आज तिथे ते कसे आले, हे मला कळत नाही. आणि लाल अळी एकही नव्हती. एकही."

दत्ताराम चपलेकडे बघत होता.

"अरे, बोल की," मी म्हटलं.

"लाल अळ्या मी काढून टाकल्या," तो म्हणाला.

"आणि बाकीचे?"

"वरून आणले. सकाळी. कळशीतून."

पद्मजाबाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला माहीत होतं ना, खाली ते नसायलाच हवे होते? नसण्यातच तर सगळा पुरावा होता."

"माहीत होतं बाई. सगळं माहीत होतं. सकाळी नुसतं बघायला गेलो. खुर्च्या मांडलेल्या. सतरंजी घातलेली. साहेब येणार, बसणार, तुम्ही दगड उचलणार, आणि दगडाखाली कायच नाय. मेस्त्री बोलत होते, सोसायटीवाले बोलतात वाडी घाण आहे म्हणून. मग कळशी कधी घेतली ते मला कळलं नाय. हात गेले."

पद्मजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना इन्स्पेक्टरच्या टोपीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. पण त्यांना कळलं, असं मला वाटलं.

"हे साहेबांना सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच."

दत्तारामचा चेहरा पडला. लोकांसमोर तोंड उघडायचं नाही म्हणून तर माणूस प्रॉम्प्टर होतो.

घरी शेवंतीला कळलं तेव्हा तिने त्याला दोन दिवस जेवायला वाढलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुया जा नि सांग. नायतर मी सांगतलंय, नि माझा सांगणा तुका झेपाचा नाय."

दत्ताराम, पद्मजाबाई आणि मी, असे आम्ही तिघं साहेबांच्या ऑफिसात गेलो. कारखान्याचे मॅनेजर तिथे आधीच बसलेले होते, कसलीशी सही घ्यायला. दत्तारामने इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेबांनी विचारलं, "हं, काय काम?"

दत्ताराम बोलला. मला सगळं दिसलं. सुरुवात, मधला भाग, माफी, सगळं बिनचूक. साहेबांना एक अक्षर ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला हो."

पुन्हा ओठ हलले. मी म्हटलं, "साहेब, तो म्हणतोय की..." पद्मजाबाईंनी माझा हात दाबला. मग जन्माची सवय म्हणून मीच त्याच्यासमोर ओठ हलवायला लागले, त्याला शब्द द्यायला. त्याने माझ्याकडे बघितलं.

"बाई, मला पाठ आहे," तो म्हणाला.

आणि मग तो ज्या आवाजात बोलला तो मी कधी ऐकला नव्हता. साचेखात्यात मागाच्या वर आवाज काढायचा झाला तर काढावा लागत असेल तसा. "साहेब, खालचे किडे मी घातले. कारखान्याच्या खाली काय जगत नाय. वरून कळशीतून आणून मी घातले." पलीकडच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "साहेब, तेव्हा किडे खरे होते. आता हा खोटे म्हणतोय. उद्या म्हणेल कारखानाच खोटा आहे."

साहेबांनी कपाळ चोळलं. "वारंग, तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण तेव्हाही वाटला होता."

शेवटी पद्मजाबाई बोलल्या. मच्छरदाणीच्या कापडाच्या दोन पिशव्या करायच्या. दोन्हींत सारखे दगड, सारखे किडे. पाणी आरपार जाईल, किडा बाहेर जाणार नाही. एक पिशवी कारखान्याच्या वर, एक खाली. तोंडावर साहेबांची लाख आणि मोहोर. मग वाट पाहायची. कारखाना पाणी थांबवून थांबवून किती दिवस थांबवणार?

मॅनेजरला नाही म्हणता येईना. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

पौषातल्या एका सकाळी पिशव्या भरल्या. किडे पकडायचं काम दत्तारामचं, कारण त्याचा हात हलका होता. परात भरली. मग तो थांबला.

"वर कोण, खाली कोण?"

"कोणतेही," पद्मजाबाई म्हणाल्या. "फक्त जाती सारख्या हव्यात."

"कोणतेही म्हणजे कोणते, ते सांगा."

"दत्ताराम, ते मी नाही सांगू शकत. कुणीच नाही सांगू शकत."

साहेब घड्याळाकडे बघत होते. दत्तारामने वरची पिशवी झटपट भरली. खालची भरताना मात्र एकेक किडा चिमटीत धरून तो त्याला काहीतरी सांगत होता. आवाज नव्हता. बाकीच्यांना वाटलं, थंडीने ओठ थरथरतायत. मला ते वाचता येतात. "सांभाळून," एवढंच म्हणत होता. प्रत्येकाला.

आता खरी भीती अशी होती, की दत्ताराम पुन्हा हात घालेल. मोहोर असली तरी. शेवंतीने त्याचा बंदोबस्त केला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून, दिवसपाळीच्या वॉचमनला गावी जायचं आहे तर दत्ताराम दोन्ही पाळ्या करेल, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. दिवसपाळीच्या वॉचमनला हे तिसऱ्या दिवशी कळलं. तो गावी गेला.

जेवणाचा डबा शेवंतीच आणून देई. फाटकापाशी तो विचारायचा, "खालचे?"

"जेव."

"हलतत का?"

"जेव म्हटलंय ना."

एक आठवडा काही झालं नाही. कारखान्याच्या मागे पिंपांची रांग वाढत गेली. वाडीतल्या बायका पाण्याला जाताना मान वळवून ती बघत. मग एका सकाळी व्हाळ डाळिंबाच्या रंगाचा होऊन खाली आला. दुपारपर्यंत रंग गेला, पाणी पुन्हा नितळ. पण शेवंतीने मला, मी पद्मजाबाईंना आणि त्यांनी साहेबांना कळवलं होतं. साहेब दुसऱ्या दिवशी आले. या वेळी खुर्च्या मांडल्या नव्हत्या. कुंडलिक मेस्त्री मांडायला निघाले होते, त्यांना शेवंतीने अडवलं.

दत्तारामला त्या दिवशी सुटी मिळाली.

खालची पिशवी आधी उघडली. परातीत दगड पडले आणि त्यांच्याबरोबर किडे, सगळे एका बाजूला वाहत आले, केर वाहतो तसे. घरवाल्यांची घरं शाबूत होती. आत कोणी नव्हतं, म्हणजे होतं, पण नव्हतं.

"थंडीने मेले असतील," मॅनेजर म्हणाला.

वरची पिशवी उघडली. परातीत वळवळ सुरू झाली. एक तीन शेपट्यांचा किडा परातीच्या काठावर चढून साहेबांच्या अंगठ्यावर गेला.

"थंडी वरही होती," साहेब म्हणाले.

दत्ताराम खालच्या परातीपाशी बसला होता. त्याने मेलेले किडे हळूहळू ओंजळीत गोळा केले आणि कुठे ठेवायचे ते न कळून तसाच बसून राहिला. शेवंती त्याच्या मागे उभी होती. तिने पदराचं टोक पुढे केलं. त्याने ते त्यात ठेवले. ती ते घेऊन गेली. पुढे काय केलं हे मी विचारलं नाही.

हुकूम निघायला उन्हाळा लागला. कारखान्याने पाइप घालून रंगाचं पाणी मोठ्या गटारात सोडायचं, व्हाळात थेंब सोडायचा नाही. पाइप घातला गेला. दत्तारामने पद्मजाबाईंना विचारलं, "ते गटार कुठे जातं?"

"खाडीत."

"खाडीत किडे असतील ना?"

"असतील. वेगळे असतात."

"त्यांचं कोण बघतं?"

"ते मला माहीत नाही हो," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांना ते लागलं असावं, कारण पुढच्या वर्षापासून त्या रविवारी कांजूरमार्गच्या बाजूला खाडीवर जाऊ लागल्या. परात तीच.

विहीर बुजवली नाही, पण त्याच हुकुमाने तिला कुलूप लागलं; बायका आमच्या सोसायटीच्या नळावरून पाणी नेऊ लागल्या. पाणी चांगलं झालं असं साहेब स्वतः पाहून लिहीपर्यंत कुलूप निघणार नव्हतं. पावसाळा आला, व्हाळ दोन महिने गढूळ धावला. पाऊस ओसरल्यावर दत्ताराम माझ्याकडे आला.

"बाई, वरून थोडे आणून खाली सोडू का? आता पाणी चांगलंय. त्यांना सोबत होईल."

"पद्मजाबाईंना विचार."

"विचारलं. नको म्हणाल्या. आपले आपण वाहत येतात म्हणाल्या, यायचे असतील तर."

"मग?"

"मग काय. बघतो."

त्याने बघितलं. दसरा गेला, दिवाळी गेली. लाल अळ्या होत्याच. मग त्या कमी झाल्या. रोज ड्यूटी सुटल्यावर तो खालच्या दगडांपाशी बसून यायचा आणि फाटकातून मला मान हलवून नाही म्हणायचा. एक दिवस त्याने मान हलवली नाही. मी खाली उतरले. म्हणाला, घरवाला एक आलाय. छोटा आहे. घरही नीट बांधलेलं नाही. पण आपल्या पायांनी आलाय. पद्मजाबाईंनी येऊन खात्री केली. त्यानंतर काही दिवसांनी तीन शेपट्यांचेही दिसले. पद्मजाबाईंनी साहेबांना फोन केला.

जयकर साहेब आले. दगड स्वतः उचलले, कोणाचा हात लागू दिला नाही. दत्तारामला तर दहा हात लांब उभं केलं होतं. सगळं पाहिलं, विहिरीचं पाणी पुन्हा एकदा बाटलीत नेलं, आणि महिन्याभराने कुलपाची किल्ली घेऊन स्वतःच आले. विहीर उपसली, औषध टाकलं. मग नवं पाणी भरलं तेव्हा वाडीतल्या बायका कळश्या घेऊन जमल्या, पण पहिली कळशी कोणी घेईना. शेवंतीने पोहरा सोडला. पाणी काढलं, फडक्याने गाळून पितळी पेल्यात ओतलं आणि पेला साहेबांपुढे धरला.

साहेबांनी पेला घेतला. उजेडाकडे धरला. बराच वेळ आत बघत राहिले.

"यात काही नाही ना?" त्यांनी दत्तारामला विचारलं.

"यात कायच नाय साहेब," दत्ताराम म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "व्हाळात आहेत. आता बिनधास्त प्या."

साहेब प्याले. मग मी प्याले. मग बायकांची रांग लागली.